हंडा भरल्याचा आवाज

(शहरी वस्त्यांत आणि किनारपट्टीवरच्या गावांत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा हा मजकूर. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



बोलायला उभी राहण्याआधी मी तुम्हाला ४० सेकंदांचा एक आवाज ऐकवला आणि हा कशाचा, असं विचारलं. निम्म्या जणींनी लगेच सांगितलं, "हंडा भरतोय." मागच्या रांगेतली एक जण तर म्हणाली, "भरत आला, नळ बंद करा." हाच आवाज मी मागे एका महाविद्यालयात विद्यार्थ्यांना ऐकवला होता. तिथे पाऊस, मोटार, गॅसची शेगडी अशी उत्तरं आली. दोन मुलींनी मात्र बरोबर ओळखला. दोघीही सार्वजनिक नळावर पाणी भरत मोठ्या झालेल्या होत्या.

हंड्यात पाणी वर चढतं तसतशी आतली हवेची पोकळी कमी होत जाते आणि आवाज बारीक, चढा होत जातो. बाई हे पुस्तकात वाचून शिकत नाही. ती आत पोळ्या लाटत असते, मुलीची वेणी घालत असते, आणि तिचा कान नळाकडे असतो. आवाज एका पट्टीला पोचला की ती उठते. हे ज्ञान आहे, आणि ते रोजच्या श्रमातून आलेलं आहे. पण आपल्या कुठल्याही अहवालात ते येत नाही. आपण सर्वेक्षण करतो, फोटो काढतो, मुलाखती घेतो. आजूबाजूला जे ऐकू येतं त्याची नोंद करण्याची सवय आपल्याला नाही. गेली काही वर्षं आमच्या गटाने ती सवय लावून घ्यायचा प्रयत्न केला. त्यात काय मिळालं आणि काय चुकलं, ते आज सांगायचं आहे. चुकलं ते जरा जास्त सांगणार आहे, कारण तुम्हाला उपयोग त्याचाच होईल.

हे काम नवं नाही

रोजच्या आवाजांचं, ते जिथे होतात तिथेच जाऊन ध्वनिमुद्रण करणं, याला फील्ड रेकॉर्डिंग म्हणतात. कॅनडातल्या व्हँकूव्हरजवळच्या सायमन फ्रेझर विद्यापीठात आर. मरे शेफर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शहराच्या आवाजांचा अभ्यास सुरू केला आणि १९७३ मध्ये व्हँकूव्हर शहराच्या आवाजांच्या ध्वनिमुद्रिका काढल्या. बंदरातले भोंगे, घंटा, रस्ते असं सगळं त्यात होतं. त्याच गटात हिल्डगार्ड वेस्टरकँप या बाई काम करत होत्या. त्यांची १९८९ ची एक कृती आहे. शहराला लागून असलेल्या समुद्रकिनाऱ्यावर त्या उभ्या आहेत. मागे शहराची घरघर चालू आहे, आणि त्यांना ऐकायचा आहे खडकाला चिकटलेल्या शिंपल्यासारख्या बारीक जिवांचा टिकटिक आवाज. त्या ऐकणाऱ्याला सरळ सांगतात, की आता मी स्टुडिओत शहराचा आवाज कमी करते आहे. मला यातली दोन गोष्टी फार महत्त्वाच्या वाटतात. एक, लहान आवाज ऐकायचा तर त्याच्याजवळ जावं लागतं. दुसरी, आपण काय वगळलं आणि काय वाढवलं, ते ऐकणाऱ्यापासून लपवायचं नाही.

आपल्याकडे तर याहून मोठं काम झालेलं आहे. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी पुण्यातून, गावोगावच्या बायकांच्या साथीने, जात्यावरच्या ओव्या जमवायला घेतल्या. हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा झाल्या. पुढे १९९० च्या दशकात बर्नार्ड बेल यांच्या सहभागातून ध्वनिमुद्रणही झालं. नुसते शब्द वाचले तर ओवी ही कविता वाटते. जात्याच्या घरघरीसकट ऐकली, की ती पहाटेच्या कष्टाच्या मध्यावर म्हटलेली आहे हे कळतं. दळणाची गिरणी आली, हातांचा तो त्रास वाचला, हे चांगलंच झालं. जातं परत यावं असं कुणी म्हणणार नाही. पण ओवी ज्या वेळेत सुचत होती ती वेळही जात्याबरोबर गेली. आज आपल्या वस्त्यांतून, गावांतून जे आवाज जाताहेत आणि जे नवे येताहेत, त्यांच्याबरोबर बायकांचं काय जातंय आणि काय येतंय, हा प्रश्न मी तिथून उचलला.

नळावरचे सात दिवस

सुरुवात मात्र अभ्यासातून झाली नाही, पाण्याच्या तक्रारीतून झाली. मुंबईच्या एका उपनगरातल्या वस्तीत आमचं काम होतं. १४ घरांत एक नळ. बायकांची तक्रार अशी, की पाणी पुरत नाही. कार्यालयात गेलं की कागद दाखवला जाई : पुरवठ्याची वेळ पहाटे ४ ते ५. म्हणजे एक तास पाणी येतं, मग पुरत कसं नाही? तुमच्यातच भांडणं असतील, कुणीतरी जास्त भरत असेल, असं उत्तर मिळे. आम्ही रांगेचे फोटो नेले. साहेब म्हणाले, रांग सगळीकडेच असते.

फोटोत रांग दिसते, पण ती किती वेळ उभी होती ते दिसत नाही. तेव्हा कुणाच्या तरी डोक्यात आलं, की पाण्याचा आवाजच भरून ठेवू. सगळ्यांना सांगून, नळाशेजारच्या घराच्या खिडकीत आम्ही एक मोबाइल बांधून ठेवला. पहाटे साडेतीनपासून पाच वाजेपर्यंत, सलग सात दिवस.

पहिल्या दिवशीचं सांगते. ३.४० ला रिकामे हंडे खाली ठेवल्याचे आवाज सुरू होतात. आधी पत्र्याचे, मग प्लॅस्टिकचे. ४.१० ला नळात हवा शिरल्याची फुसफुस. ४.१६ ला पाणी. ४.३८ ला धार खोकायला लागते आणि थांबते. एकूण २२ मिनिटं. हंडा भरल्याचा चढा आवाज मोजत गेलो तर ३१ हंडे झाले. १४ घरं आणि ३१ हंडे. सात दिवसांत सगळ्यांत जास्त पाणी आलं ते २६ मिनिटं, सगळ्यांत कमी ११. आणि पाचव्या दिवशी पाणी आलंच नाही. त्या दिवशीची नोंद मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. दीड तास नुसतं थांबणं आहे तिच्यात. जांभया, एका बाळाचं रडणं, कुत्री, आणि शेवटी रिकामे हंडे उचलून नेल्याचा आवाज. रिकामा हंडा आणि भरलेला हंडा यांचा आवाज किती वेगळा असतो, ते तुम्हाला मी सांगायला नको.

ही नोंद घेऊन आम्ही परत कार्यालयात गेलो. एका कागदावर मिनिटांचा तक्ता आणि बरोबर मोबाइल. साहेबांनी दोन मिनिटं ऐकलं. पाण्याची वेळ लगेच वाढली का? नाही. पुढे वर्षभर खेपा घालाव्या लागल्या. पण त्यानंतर "एक तास पाणी येतं" हे वाक्य त्या टेबलावर पुन्हा कुणी उच्चारलं नाही. बोलणं तुमच्या भांडणांवरून पाण्याच्या दाबावर आलं. चळवळीत इतकंही कधी कधी पुष्कळ असतं.

मृणालताई गोरे यांना लोक पाणीवाली बाई म्हणत. त्यांच्या आणि अहिल्याताई रांगणेकरांच्या पिढीने १९७२ पासून महागाईविरुद्ध लाटणं मोर्चे काढले. थाळीवर लाटणं वाजवत बायका रस्त्यावर उतरल्या. घरातला रोजचा आवाज त्यांनी सत्तेच्या दारात नेला. आपण त्याच वाटेने थोडं वेगळं काहीतरी करतो आहोत. तो आवाज मुद्दाम मोठा न करता, तो रोज किती वेळ चालतो याचा हिशेब देतो आहोत.

हा हिशेब सरकारी आकड्यांतही आता येऊ लागला आहे. देशभरातल्या वेळवापर सर्वेक्षणाचे २०२४ सालचे आकडे असे आहेत, की घरच्यांसाठीच्या बिनमोलाच्या घरकामात ज्या बायका भाग घेतात त्यांची त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं जातात. जे पुरुष भाग घेतात त्यांची ८८. आकडा मोठ्या सभेत सांगायला उपयोगी पडतो. पण वस्तीत २८९ मिनिटं म्हणून सांगितलं तर कुणी मान वर करत नाही. पाचव्या दिवशीची नोंद ऐकवली, तेव्हा एक आजोबा म्हणाले, "एवढा वेळ बायका उभ्या असतात? मला वाटायचं, जातात नि येतात." त्यांचं घर नळापासून दहा पावलांवर होतं. ते झोपेत असायचे.

आमची चूक

आता चूक सांगते. ८ मार्चच्या कार्यक्रमात आम्ही त्याच वस्तीत, मोठ्या स्पीकरवर, नळाच्या नोंदीतला काही भाग ऐकवला. सहाव्या दिवशीचा तुकडा निवडला होता, कारण त्यात धार स्पष्ट होती. धारेच्या मागे दोघी हळू आवाजात बोलत होत्या. आम्ही तिकडे लक्षच दिलं नव्हतं. आमचा कान हंडे मोजत होता. त्यातली एक दुसरीला सांगत होती, की मुलीच्या बारावीनंतरच्या प्रवेशासाठी तिने घरात न सांगता पैसे बाजूला ठेवले आहेत, आणि ते कुणाकडे ठेवले आहेत. स्पीकरवर ते शब्द ऐकू आले. तिच्या दिराने आवाज ओळखला.

त्या रात्री तिच्या घरी मारहाण झाली. पैसे गेले. मुलीचा प्रवेश त्या वर्षी राहिला.

दुसऱ्या दिवशी मी तिच्याकडे गेले. ती मला एवढंच म्हणाली, "ताई, तुम्ही नळ ऐकायला आला होतात ना?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात मला संमती म्हणजे काय ते शिकवलेलं होतं. फॉर्म कसा भरून घ्यायचा ते शिकवलेलं होतं. आम्ही नळावर सगळ्यांना सांगितलंही होतं, की आवाज भरतो आहोत. पण कार्यालयात पुरावा म्हणून न्यायला दिलेली संमती ही स्पीकरवर ऐकवायची संमती नसते, हे आमच्या लक्षात आलं नाही. आणि मोबाइल खिडकीत बांधून आम्ही निघून गेलो होतो. दोन दिवसांनी बायकांना तो तिथे आहे याचा विसर पडला. त्यांना विसर पडला, हे आम्हाला सोयीचं वाटलं. आता त्या सोयीचीच मला लाज वाटते.

गटाने पैसे उभे केले, मुलीचा प्रवेश पुढच्या वर्षी झाला. मारहाणीबद्दल काय करायचं ते ती म्हणेल तसं केलं, पुढे होऊन आम्ही काही ठरवलं नाही. पण प्रश्न फक्त पैशांचा नव्हता. दाटीच्या वस्तीत बाईला खाजगी बोलायला जागा नसते. घरात सासू, दीर, मुलं. मग नळ, संडासची रांग, रेशनचं दुकान इथेच तिला दोन शब्द बोलता येतात, तेही हंड्याच्या आवाजाच्या आडोशाने. तो आवाज तिच्यासाठी भिंतीचं काम करत होता. आम्ही यंत्र लावून ती भिंत काढून घेतली.

२००८ मध्ये 'बेल बजाओ' ही मोहीम झाली, ती तुम्हाला आठवत असेल. शेजारी मारहाणीचा आवाज आला तर दारावरची घंटा वाजवा, असं ती सांगत होती. तिथे कान देणं हे कर्तव्य होतं. आमच्या बाबतीत न ऐकणं, निदान न ऐकवणं, हे कर्तव्य होतं. कुठे काय करायचं याचा नियम यंत्र सांगणार नाही. तो आपल्याला, त्या त्या बाईला विचारून, ठरवावा लागतो.

किनाऱ्यावर काय ऐकू आलं नाही

पुढच्या कामात आम्ही शहाण्या झालो, पण एकदम नाही. दापोली तालुक्यातल्या हर्णै बंदरावर आम्ही दोघी जणी गेलो होतो. तिथला किनाऱ्यावरचा मासळीचा लिलाव तुम्ही पाहिला असेल. मोठ्या होड्या आत पाण्यात थांबतात, मासळी किनाऱ्यावर आणायला बैलगाड्या पाण्यात उतरतात. समोर सुवर्णदुर्ग. मी लिलावाच्या मधोमध उभी राहून २० मिनिटं ध्वनिमुद्रण केलं. इंजिनं, बैलांच्या गळ्यातल्या घंटा, बोली, लाटा. मला वाटलं, छान जमलं.

या वेळी आधी त्यांनाच ऐकवायचं ठरवलं होतं. म्हणून मासळी निवडत बसलेल्या चार-पाच जणींना हेडफोन दिला. त्यांतली एक वयस्कर बाई पूर्ण ऐकून म्हणाली, की यात सगळे आहेत, फक्त आम्ही नाही. खरंच होतं ते. मासळी निवडणं, कोळंबी सोलणं, मीठ लावणं, पाटी भरणं, गिऱ्हाइकाशी हलक्या आवाजात भाव ठरवणं, ही सगळी कामं बारीक आवाजाची. इंजिन आणि बोली यांच्याखाली ती बुडून गेली होती. त्यात मोबाइलचा एक गुण असा, की तो आवाजाची पातळी आपोआप कमीजास्त करतो. मोठा आवाज आला की सगळंच खाली दाबतो. म्हणजे ज्याचा आवाज मोठा त्याच्यापुढे बाकीचे आणखी बारीक होतात. यंत्राचा हा गुण आपल्या ग्रामसभांतही आढळतो.

मग त्यांच्यापासून हातभर अंतरावर बसून पुन्हा नोंद केली. कोळंबीचं कवच सुटल्याचा आवाज येतो, एकीचा दर दोन सेकंदाला एक. त्या लयीत त्या बोलतात, मध्येच थांबतात, भाव विचारतात, परत लय धरतात. त्या तासाभरात किती वेळा पाठ सरळ करायला त्या थांबल्या, तेही त्यात आहे. लयीत खंड पडतो, उसासा येतो, परत सुरू.

त्यांनीच पुढची सूचना केली. म्हणाल्या, पावसाळ्यात या. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते. त्या दिवसांत किनारा कसा असतो तेही भरून घ्या. आम्ही मे महिन्यात, जुलैत आणि नारळी पौर्णिमेनंतर, एकाच जागी, एकाच वेळी नोंद केली. जुलैतल्या नोंदीत लाटा आणि पाऊस. कुणी म्हणेल, काम बंद. पण घराच्या पडवीत बसून नोंद केली तर सुक्या बोंबलाची पोती उघडल्याचे, निवडल्याचे, पाखडल्याचे आवाज आहेत. बंदर बंद असतं तेव्हाही बाईचा धंदा घरातून चालू असतो. बंदीच्या काळातल्या मदतीची चर्चा होते तेव्हा होडी कुणाच्या नावावर, हे पाहिलं जातं. होडी बहुतेकदा पुरुषाच्या नावावर असते. मासळी विकणाऱ्या बाईचं काम मोजायचं तर आधी ते ऐकू यावं लागेल.

नुसतं उभं राहणं

हे काम करताना आणखी एक गोष्ट कळली, ती शहरातली. ध्वनिमुद्रण करायचं तर एका जागी, न बोलता, दहा मिनिटं उभं राहावं लागतं. आमच्या गटातल्या मुलींना मी पहिला अभ्यास हाच दिला : स्टेशनच्या फलाटावर किंवा समुद्राच्या कठड्याशी दहा मिनिटं उभ्या राहा आणि ऐका. त्या परत आल्या त्या आवाजांपेक्षा वेगळंच सांगत. "कुणाची वाट बघतेस?" असं विचारणारे, मुद्दाम जवळून जाणारे, शीळ घालणारे. एकीच्या दहा मिनिटांत चार पुरुषांनी तिच्याशी बोलायचा प्रयत्न केला. ते सगळं तिच्या नोंदीत आहे. शेजारी दोन मुलगे तितकाच वेळ काही न करता उभे होते, त्यांना कुणी काही विचारलं नाही.

शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी २०११ मध्ये 'व्हाय लॉयटर' या पुस्तकात मुंबईबद्दल हेच मांडलं, की बाईला सार्वजनिक जागी असायला काहीतरी काम दाखवावं लागतं. पिशवी, मूल, घड्याळाकडे बघणं. कामाशिवाय असण्याचा हक्क तिला नाही. हातात रेकॉर्डर आला की मुलींना 'काम' मिळतं, थोडं बळ येतं. पण मी त्यांना सांगते, की ते यंत्र म्हणजे उसनी परवानगी आहे. पुढचा अभ्यास यंत्राशिवाय करायचा.

आणि त्याच फलाटावरून बायकांच्या डब्यात चढलं की आवाज पालटतो. फलाटावरच्या दहा मिनिटांत सगळ्यांत मोठा बाईचा आवाज कोणता, तर उद्घोषणेचा. डब्यात मात्र बायका मोठ्याने बोलतात, भांडतात, भजन म्हणतात, भाजी निवडतात, पिना-टिकल्या विकणारीला हाक मारतात, आणि खदखदून हसतात. चर्चगेट ते बोरिवली महिला स्पेशल ५ मे १९९२ ला सुरू झाली तेव्हा तिच्याकडे गर्दीवरचा उपाय म्हणून पाहिलं गेलं. ऐकताना कळतं, की तो आवाज मोकळा करण्याचाही उपाय आहे. तेवढा मोकळा आवाज फलाटावर का नाही, यावर आमच्या गटात दोन बैठका चर्चा झाली. व्याख्यानाने ती तेवढी झाली नसती.

करायचं कसं

तुम्ही आपापल्या गावी करून पाहाल म्हणून काही साध्या गोष्टी सांगते.

महागडं यंत्र नको. मोबाइल चालतो. फोन एअरप्लेन मोडवर टाका, नाहीतर मध्येच कुणाचा तरी फोन येतो. जमलं तर वेव्ह प्रकारच्या फाइलमध्ये भरा, एमपीथ्रीत बारीक आवाजांचं नुकसान होतं. हात हलला की घासल्याचा आवाज येतो, म्हणून फोन एखाद्या स्थिर वस्तूवर, कापडाच्या घडीवर ठेवा. समुद्रावर सगळ्यांत मोठा शत्रू वारा. माइकवर स्पंजचं किंवा लोकरीचं आवरण घाला, वाऱ्याकडे पाठ करून आपल्या अंगाचा आडोसा द्या. खारं पाणी आणि वाळू यांपासून यंत्र जपा.

सुरुवातीला आपल्या आवाजात तारीख, वेळ, जागा आणि आपलं नाव सांगा. मग निदान पाच मिनिटं गप्प. वहीत लिहा : हवा कशी होती, आजूबाजूला कोण होतं, आपण कुठे उभ्या होतो, आणि काय ऐकू येत असूनही यंत्रात आलं नसेल. एकाच जागी वेगवेगळ्या वेळी परत जा. एका नोंदीवरून निष्कर्ष काढू नका.

गोंगाटाची तक्रार करायची असेल तर एक लक्षात ठेवा. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबल अशी मर्यादा आहे. पण मोबाइल आवाजाची पातळी आपोआप बदलतो, त्यामुळे त्यातून डेसिबल सिद्ध होत नाहीत. त्यासाठी तपासून घेतलेलं मोजयंत्र लागतं. मोबाइलची नोंद किती वेळ, किती वाजता, कशानंतर काय, हे सांगते. तेवढंच तिच्याकडून मागा.

आणि माणसांबद्दल. आमच्या गटाने चुकीनंतर ठरवलेले नियम असे. यंत्र लपवायचं नाही, आणि लावून निघून जायचं नाही. जिथे यंत्र आहे तिथे आपलं माणूस हजर पाहिजे. कशासाठी भरतोय आणि कुठे ऐकवणार, हे दोन्ही आधी सांगायचं. जागा बदलली तर संमती पुन्हा घ्यायची. बाहेर कुठेही नेण्याआधी ज्यांचे आवाज आहेत त्यांना एकत्र बसून पूर्ण ऐकवायचं. त्यांनी एक वाक्य काढा म्हटलं तर ते काढायचं, सगळंच पुसा म्हटलं तर पुसायचं, कारण विचारायचं नाही. शब्द कळण्याइतकं कुणाचं खाजगी बोलणं आलं असेल तर कुणी न सांगता ते काढायचं. आणि नोंदी कार्यकर्तीच्या घरी नाही, गटाकडे राहतील, दोन ठिकाणी, आणि कुणी घेतल्या त्याची वहीत सही होईल.

यात वेळ जातो. पाच मिनिटांच्या नोंदीला दोन तासांची बैठक लागते. पण खरं काम त्या बैठकीतच होतं. हर्णैच्या बायकांनी ऐकलं नसतं तर मी अजूनही सभांमधून इंजिनाचा आवाज वाजवत बसले असते, आणि त्याला मासळी विकणाऱ्या बायकांचं जीवन म्हणत राहिले असते.

शेवटी, नळावरच्या त्या मैत्रिणीबद्दल. ती अजून आमच्या गटात आहे. बैठकांना येते, मोर्च्याला येते. पण तिचं म्हणणं कायम आहे : मी असेन तिथे मशीन बंद. आम्ही बंद करतो. कधी कधी बाहेरची पाहुणी विचारते, एवढी चांगली बोलणारी बाई, तिची नोंद कशी नाही तुमच्याकडे? आमच्या वहीत त्या जागी तारीख लिहिलेली आहे आणि पुढे एवढंच, की या बैठकीचं ध्वनिमुद्रण केलं नाही. आमच्या सगळ्या नोंदींत ती रिकामी जागाही आम्ही मोजतो.

उद्या सकाळी चहाआधी आपण पाच-पाच जणींचे गट करून बाहेर पडणार आहोत. पहिली फेरी यंत्राशिवाय. नुसतं ऐकायचं आणि परत येऊन सांगायचं, की कुणाचं काम ऐकू आलं आणि कुणाचं आलं नाही. मोबाइल इथे टेबलावर ठेवून जायचे. दुसऱ्या फेरीला देईन.